महिन्याला पंधराशे रुपये, लोकलचा प्रवास आणि अंगावर नीट बसणारा कुर्ता

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयाने माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं. डोंबिवलीला राहतेस, लोअर परळला पहिलीच नोकरी. घरी पैसे दिल्यावर कपड्यांसाठी महिन्याला फार तर १५०० रुपये उरतात. उंची पाच फूट एक इंच, खांदे लहान, कमरेखाली भरलेली. कपाटात पंचवीस-तीस कपडे असूनही रोज सकाळी रडकुंडीला येतेस, कारण ऑफिसातल्या बाकीच्या मुली 'रोज नवं' घालतात. मीटिंगमध्ये उभं राहायची वेळ आली की आधी कुर्ता मागून खाली ओढतेस. घरी मावशी म्हणते, सावळ्या रंगाला भडक शोभत नाही. आणि सेलमध्ये साडेतीन हजारांचा ब्लेझर हप्त्यावर मिळतोय, तो घेऊ का, म्हणजे कॉन्फिडन्स येईल, असं विचारलंयस.

मी परळला बायकांचे कपडे शिवते. खरं सांगायचं तर हल्ली शिवण्यापेक्षा रेडिमेड कपडे आल्टर करून देण्याचंच काम जास्त असतं. तुझ्या ऑफिसच्या आजूबाजूच्या इमारतींतल्या कितीतरी मुली माझ्या गिऱ्हाईक आहेत, त्यामुळे 'रोज नवं' घालणाऱ्यांची कपाटं मला आतून माहीत आहेत. त्याबद्दल पुढे सांगते.

तुझ्या पूर्ण पत्रात मला एकच वाक्य महत्त्वाचं वाटलं: उभं राहताना कुर्ता ओढते. अडचण तिथे आहे. पंचवीस-तीस कपडे पुष्कळ झाले, अजून दहा आणलेस तरी तेही ओढतच बसशील. अंगावरचा कपडा सारखा सावरावा लागला की निम्मं लक्ष त्यातच जातं. समोरच्याला वाटतं मुलगी घाबरलीय, आणि इकडे तिचा हात स्लिटवर असतो. म्हणून माझं उत्तर असं, की पहिले दोन महिने नवा कपडा एकही घ्यायचा नाही. त्या पैशांतले काही टेलरला द्यायचे आणि काही आतल्या कपड्यांना.

आता यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या ऑफिसात कुर्ता चालतो की फॉर्मल शर्ट-पॅन्टच लागते, हे तू लिहिलेलं नाहीस. कुर्ता चालतो असं धरून मी लिहिते. घरी कपडे कोण धुतं, इस्त्री रोज होते का, गर्दीच्या वेळची लोकल असते की थोडी आधीची, यानेही कापडाची निवड बदलते. आणि मी तुला पाहिलेलं नाही. मापाच्या गोष्टी वर्णनावरून सांगतेय, आरशासमोर उभी राहून ताडून बघ.

आधी कपाट रिकामं कर. सगळं पलंगावर काढ आणि एकेक कपडा अंगात घालून बघ, नुसता हातात धरून नाही. घालून दोन गोष्टी करायच्या: लोकलची कडी धरल्यासारखा हात वर न्यायचा आणि खुर्चीत बसून पुढे वाकायचं. ज्यात काहीच सावरावं लागलं नाही ते बाजूला ठेव. पाच-सहा तरी निघतीलच, आणि तुझं खरं कपाट तेवढंच आहे. कापड चांगलं पण बसत नाही, त्यांचा दुसरा ढीग, तो टेलरकडे जाईल. ज्यांचा रंग उडालाय, गोळे आलेत, बगलेत कापड विरलंय ते घरात वापर नाहीतर बोहारणीला देऊन एखादं पातेलं घे. 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेले कपडेही याच ढिगात टाक. रोज सकाळी कपाट उघडल्यावर पहिला टोमणा तेच मारतात.

आता दुसऱ्या ढिगाकडे वळू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी मेख इथेच आहे.

तुझे खांदे लहान आणि हिप मोठे. दुकानात तू काय करत असशील ते मी न पाहता सांगते. हिपला घट्ट होऊ नये म्हणून एक्सएल घेतेस, मग खांद्याची शिलाई दंडावर उतरते, गळा पुढे पडतो, आणि एवढं करूनही बसल्यावर कुर्ता मागून वर चढतो. तुझ्या अंगकाठीच्या बायकांनी उलटं करायला हवं. जो भाग दुरुस्त करायला सर्वांत अवघड, तो बसतोय का ते आधी बघायचं. कुर्त्यात तो भाग म्हणजे खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. छाती बसली पाहिजे. हिपची फार काळजी नको, कारण बाजूला स्लिट असते. तिथे घट्ट वाटलं तर टेलर स्लिट इंच-दीड इंच वर उघडून देतो. त्याने पोट दिसायला लागणार असेल तर बाजूच्या शिलाईत त्याच रंगाची तिकोनी कळी घालता येते. पॅन्टचं मात्र बरोबर उलट असतं. तिथे हिपला बसेल अशी घ्यायची आणि कमर आत घ्यायची. कमर आत घेणं सोपं, हिपला कापड वाढवणं जवळजवळ अशक्य.

मुंढ्याबद्दल बहुतेकींचा समज चुकीचा असतो. त्यांना वाटतं, मुंढा खोल आणि सैल म्हणजे हात मोकळा. खोल मुंढ्यात बाही कुर्त्याच्या अंगाला खाली जोडलेली असते, म्हणून हात वर केला की अख्खा कुर्ता त्याच्याबरोबर वर जातो. मुंढा बगलेच्या जवळ, वर कापलेला असेल तर हात वर जातो आणि कुर्ता जागच्या जागी राहतो. लेडीज डब्यात कडीला लटकून रोज तासभर उभी राहणाऱ्या बाईला हे कळायला हवं, पण रेडिमेडवाले सगळ्यांना बसावं म्हणून मुंढा सढळ कापतात. दुकानात कडी धरल्यासारखा हात वर करून बघ, असं मी म्हणते ते त्यासाठीच. खोल मुंढा नंतर वर आणणं कठीण, कारण कापड कापलेलं असतं. खांदा सैल असेल तर खांद्याच्या शिलाईतून अर्धा-पाऊण इंच उचलून काम होतं, पण मग गळाही तेवढाच वर येतो, हे टेलरने आधी सांगायला हवं. नाहीतर बगलेत छोटा चौकोनी तुकडा जोडतात. दिसत नाही आणि हात सुटतो.

लांबीचं गणित तुझ्या उंचीला फार महत्त्वाचं आहे. बाजारातले बरेच कुर्ते ४४ ते ४६ इंच लांब असतात. पाच फूट एक इंचाच्या बाईला ते घोट्याच्या थोडे वर येतात आणि ती आणखी बुटकी दिसते. कुर्त्याची खालची कड पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर थांबू द्यायची नाही, एवढाच नियम. एक तर गुडघ्याखाली दोन-तीन बोटं, म्हणजे तुला खांद्यापासून साधारण ३६-३७ इंच, नाहीतर पोटरीच्या खाली ४२च्या आसपास. लांबी खालून कमी केली की स्लिटही तेवढीच आखूड होते, म्हणून टेलरला दोन्ही एकत्र सांग, नाहीतर चालताना पाय अडेल. खाली छपाईची कड असेल आणि ती कापायची नसेल तर कडेच्या वरून कापड काढून जोड देता येतो. काम थोडं वाढतं, पण सुंदर दिसतं.

छातीजवळच्या टक्सचं, म्हणजे आकार यावा म्हणून कापड दुमडून घातलेल्या शिलाईचं टोक छातीच्या उंचवट्याच्या थोडं अलीकडे संपायला हवं. वर-खाली झालं तर कितीही महाग कुर्ता असो, तो दुसऱ्या कुणाचा वाटतो.

टेलरकडे जाताना नुसतं 'फिटिंग करा' म्हणू नकोस. तसं म्हटलं की तो बाजूने आत घेतो आणि कुर्ता अंगाला चिकटतो. जाताना जी ब्रा आणि जी पॅन्ट रोज घालतेस तीच घालून जा, कपडा अंगात घाल, आणि कुठे काय होतंय ते दाखव. टाचणी लावून घे. आत किमान अर्धा इंच मार्जिन शिल्लक ठेवायला सांग, कारण अंग कमी-जास्त होतंच. माझ्याकडे बाजूची फिटिंग ६० ते ८० रुपयांत होते, लांबी ५० त, खांदा उचलायचा तर दीडशेच्या आसपास. डोंबिवलीत याहून थोडं कमीच पडेल. म्हणजे सात-आठ कपडे हजारभर रुपयांत पुन्हा वापरात येतात. नवीन घेतले असते तर एवढ्यात दोन आले असते, आणि त्यांचंही तेच झालं असतं.

साईजच्या चिठ्ठीवरचं अक्षर मनाला लावून घेऊ नकोस. एका दुकानातली एम दुसऱ्या दुकानात एक्सएल असते, हे मी रोज बघते. कारणही आहे. भारतीय अंगाची मापं घेऊन बनवलेला आपला असा साईज चार्टच नव्हता. त्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही फॅशनचं शिक्षण देणारी सरकारी संस्था यांनी 'इंडियासाईज' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. १५ ते ६५ वयाच्या २५,००० हून जास्त लोकांची मापं मुंबईसह सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी ती योजना. तू मात्र एक टेप विकत घे. तुला सर्वांत छान बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसर आणि खांदा ते खांदा, बगल ते बगल, हिपजवळची रुंदी आणि लांबी मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेव. फॅशन स्ट्रीटवर, लिंकिंग रोडवर रस्त्यावरच्या दुकानांत ट्रायल रूम नसते. तिथे टेप काढून कुर्ता मोजणाऱ्या मुलीला दुकानदारही जरा जपून भाव सांगतो.

आतल्या कपड्यांबद्दल थोडक्यात, पण ठामपणे सांगते. ब्रा चुकीची असेल तर वरचा कुठलाही कपडा नीट बसत नाही, आणि माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या निम्म्याहून जास्त जणींची चुकीची असते. बाजूने आरशात बघ: मागचा पट्टा पाठीवर वर चढत असेल तर पट्टा सैल आहे, आणि मग सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येतो. कपच्या कडेने मांस वर येत असेल तर कप लहान आहे. पट्टा एक नंबर कमी आणि कप एक वाढवून बघ. फिक्या कुर्त्याखाली पांढरी घालायची नाही, आपल्या अंगाच्या रंगाची घालायची, ती दिसत नाही. तीन चांगल्या घे. पहिल्या दोन महिन्यांतल्या पैशांतला सगळ्यात मोठा हिस्सा इथे गेला तरी चालेल.

आता त्या 'रोज नवं' घालणाऱ्या मुलींचं गुपित सांगते. त्यांच्यातल्या बहुतेकींकडे पॅन्ट तीनच असतात: एक काळी, एक नेव्ही किंवा करडी, एक मातकट किंवा ऑफ-व्हाइट. तिन्ही मापाने शिवलेल्या, तिन्ही चांगल्या कापडाच्या. वर सात-आठ टॉप आणि कुर्ते फिरत राहतात. लोकांचं लक्ष वर जातं, खालची तीच आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तू उलटं केलं असशील, प्रत्येक कुर्त्याबरोबर त्याच्या रंगाचं लेगिंग. लेगिंगच्या जागी सरळ पॅन्ट आली की तुझ्या कुर्त्याची स्लिट सावरायची सवय निम्मी तिथेच सुटेल, कारण स्लिट उघडली तरी आत चिकटलेलं काही दिसत नाही. पॅन्टसाठी थोडा लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा असलेलं जाड कॉटन बघ. लायक्रा फार नको, गुडघ्याला फुगे येतात.

कापडाबद्दल बोलायचं तर माझे सासरे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर होते, १९८२च्या संपापर्यंत. तू जिथे कॉम्प्युटरसमोर बसतेस त्याच पट्ट्यात कुठेतरी त्यांनी आयुष्य काढलं. कापड उजेडात धरून बघायची सवय मला त्यांनी लावली. धागे समसमान दिसतात का, कुठे विरळ आहे का, हे ट्यूबलाइटखाली कळत नाही, दुकानाच्या दारात यावं लागतं. मुठीत चुरगाळून सोड, किती सुरकुत्या पडतात ते बघ, कारण डोंबिवलीहून येईपर्यंत तेवढ्या पडणारच आहेत. ओला रुमाल आतल्या बाजूला घास, रंग सुटतो का कळेल. रेडिमेड असेल तर बाजूची शिलाई दोन्ही हातांनी हलकेच ताण. टाक्यांच्या मधून फटी दिसल्या तर लेडीज डब्यातली एकच धक्काबुक्की पुरेल.

मुंबईच्या हवेत सुती कापड का सोसतं, तर सूत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, म्हणून घाम अंगावरच राहतो आणि वास कपड्यात. पण पॉलिएस्टरला नावं ठेवून चालत नाही. जुलैत सांताक्रूझला सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा शुद्ध सुती पॅन्ट दोन दिवस वाळत नाही. त्या चार महिन्यांसाठी कॉटन-पॉलिएस्टर मिश्रणाच्या दोन गडद पॅन्ट, घोट्याच्या वर थांबणाऱ्या, ठेवाव्यातच. पलाझो आणि जीन्स तेव्हा कपाटात. रेयॉन दिसायला सुळसुळीत आणि स्वस्त असतो, पण ओला झाला की त्याचा धागा कमजोर होतो. पिळायचा नाही, घासायचा नाही. घरी बाई कपडे आपटून धूत असेल तर रेयॉन घेऊच नकोस.

शिवून घेणार असशील तर करी रोडला उतरण्याऐवजी एखाद्या संध्याकाळी दादरला उतर आणि हिंदमाताच्या कापडबाजारात चक्कर मार. रोजच्या वापराचं छापील कॉटन साधारण दीडशे ते अडीचशे रुपये मीटरने मिळून जातं. शनिवारी सुट्टी असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट बघ. रविवारी ते बंद असतं. तिथे गल्ल्यांमध्ये डोकं गरगरतं, म्हणून काय हवंय ते ठरवूनच जा. ४४ इंची पन्ह्याला, म्हणजे कापडाच्या रुंदीला, तुझ्या मापाच्या कुर्त्यासाठी अडीच मीटर पुरे होतं, बाही आखूड असेल तर सव्वादोनातही बसेल. ३६ इंची पन्हा असेल तर तीन मीटर धर. पन्हा न विचारता कापड फाडून घेणाऱ्या बायका माझ्याकडे येतात आणि मग म्हणतात, मागच्या वेळी तर अडीचात झाला होता.

आणि शिवायला देण्याआधी सुती कापड एक रात्र पाण्यात भिजवून वाळवून दे. सुती कापड तीन ते पाच टक्के सहज आटतं. ३६ इंचाच्या कुर्त्याला एक ते पावणेदोन इंच म्हणजे गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्यावर. टेलर 'काही होत नाही ताई' म्हणेल. होतं.

आईच्या साड्यांबद्दल तू विचारलं नाहीस, पण डोंबिवलीच्या घरात आईच्या सुती किंवा इरकल साड्या असतीलच. साडी साडेपाच मीटरची, म्हणजे एक कुर्ता होऊन ओढणीपुरतं उरतं. बाहीला आणि खाली काठ लावला की असा कुर्ता मॉलमध्ये दोन-अडीच हजारांना मिळतो. आधी दोन ठिकाणी बघ: निऱ्यांची खालची कड विरली आहे का, आणि वर्षानुवर्षांच्या घडीवर रेशीम चिरतंय का. घडीवर दोन्ही अंगठे ठेवून हलकं ताणलं की लगेच कळतं. चिरत असेल तर अस्तर लावूनही टिकणार नाही, ती साडी राहू दे. आणि कात्री लावण्याआधी आईला विचार, कुठली साडी कुठल्या प्रसंगाची ते आपल्याला माहीत नसतं.

मावशीच्या सावळ्या रंगाच्या नियमाचं काय करायचं? सोडून द्यायचा. माझ्या हातून गेलेल्या कपड्यांत राणी, गडद हिरवा, जांभळा, मोहरी हे रंग सगळ्यात खुलून दिसले ते सावळ्या बायकांवर. गोऱ्या बायकांवर यातला मोहरी अनेकदा आजारी दिसतो. पण माझं तरी का ऐकायचं? कापड हनुवटीखाली धर, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात, आणि बघ आधी कापड दिसतं की चेहरा. चेहरा दिसला तर तो रंग तुझा. तसंच 'कमरेखालचं लपवा' असले सल्लेही मी देत नाही. ढगळ कपड्याने काही लपत नाही, फक्त आकार हरवतो. वर कॉलर, पट्टी, योकवर म्हणजे खांद्याजवळच्या जोडलेल्या भागावर थोडं काम असलं की खांद्यांना रुंदी येते आणि बाकीचं आपोआप तोलात दिसतं.

पैशांचं गणित एकदा मांडून दाखवते. सहा महिन्यांचे ९००० होतात. आल्टरेशनला १०००, तीन ब्रांना १३५० च्या आसपास, दोन पॅन्ट कापड-शिलाईसह १६००. दोन सुती कुर्ते, कापड ५०० आणि बिनअस्तराची शिलाई ४५० धरून, १९००. आईच्या साडीचा एक, अस्तर लावून शिलाईचे ६००. चांगली चप्पल १०००, जिप असलेली बॅग ८००. हे ८२५० झाले, ७५० उरतात. डब्यात कानातले विकायला येणाऱ्या मावशींकडून महिन्याला पन्नास रुपयांचं काहीतरी घेतलंस तरी उरतील. त्या कानातल्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही, माझ्याही कानात तीच असतात. चप्पल मात्र स्वस्तातली नको. चांगल्या कुर्त्याखाली झिजलेली टाच लगेच नजरेत येते, आणि स्टेशनचा पूल त्याच चपलेने चढायचा असतो. पावसाळ्यासाठी प्लास्टिकची एक जोडी वेगळी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कोरडी एक.

कॉन्फिडन्सचं म्हणशील तर कपडा त्यातला काही भाग देतो, सगळा नाही. पहिली नोकरी, मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची धास्ती, रोजचा तीन तासांचा प्रवास, याला माझ्याकडे टाके नाहीत. ती भीती काम अंगवळणी पडलं की हळूहळू जाते. मी एवढंच करू शकते, की त्या वेळी तुझा हात कुर्त्यावर नसेल. कुणी 'परत तोच?' म्हणालीच तर 'हो, आवडतो मला' म्हणायचं आणि पुढच्या विषयाला लागायचं. तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी मागच्या मंगळवारी काय घालून आली होती, आठवून बघ. नाही ना आठवत?

रविवारी अर्धा तास काढून पाच दिवसांचे पाच जोड इस्त्री करून हँगरला लावून ठेव, पॅन्टसकट. सकाळी सहा वाजता, लोकल डोळ्यांसमोर असताना कुणालाच चांगलं सुचत नाही.

राहिला ब्लेझर. आत्ता घेऊ नकोस. साडेतीन हजार म्हणजे तुझे दोन महिन्यांहून जास्त पैसे, आणि हप्ते म्हणजे पुढचे महिने आधीच खर्च झाले. सेलमधल्या त्या भावाच्या ब्लेझरला बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं अस्तर असतं. डोंबिवलीहून तो घालून येता येत नाही, हातात धरून आणावा लागतो. तुझ्या लहान खांद्यांना रेडिमेड ब्लेझर बसायचाही नाही, आणि ब्लेझरचा खांदा आल्टर करायला मी स्वतःसुद्धा नाखूष असते. पॅड, बाही, कॉलर सगळं उसवावं लागतं. एसीत थंडी वाजते म्हणून हवा असेल तर खणाचं किंवा जाड हातमागाचं बिनबाह्यांचं जॅकेट शिवून घे, सव्वा ते दीड मीटरात होतं, आणि ते ऑफिसच्या खुर्चीलाच टांगून ठेव. वर्षभराने प्रमोशन झालं, क्लायंटसमोर जायची वेळ आली, तर तेव्हा ब्लेझर मापानेच शिव. माप द्यायला येताना आतला शर्ट घालून ये.